ठिपकेमुक्त रांगोळीचा ठराव

सासूबाईंच्या रांगोळ्यांमधले सगळे ठिपके मी काढून टाकले, हे खरं आहे. पण ते रीतसर ठराव मांडून, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांनिशी काढले, हे मात्र कुणी सांगत नाही. हैदराबादच्या काचीगुड्यातली मराठी माणसं आता मला 'ठिपकेवाले केशवराव' म्हणतात. उभा जन्म विमा कचेरीत लोकांच्या अपघातांची कागदपत्रं तपासण्यात घालवलेल्या माणसाला असं नाव पडावं, हासुद्धा एक अपघातच आहे. याचा विमा निघत नाही, मी चौकशी केली.

सासूबाईंचं नाव सावित्रीबाई. मी त्यांना मामी म्हणतो, आमच्या उदगीरकडे तशीच पद्धत आहे. त्या आमच्याकडेच राहतात. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मधोमध जी मोठी ठिपक्यांची रांगोळी असते, ती वर्षानुवर्षं मामींच्या हातची. मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी घातली. त्या वर्षी मंडळानं बेगम बाजारातून रांगोळीचं तयार प्लास्टिकचं स्टिकर आणून फरशीवर चिकटवलं. मामी दारापर्यंत गेल्या, स्टिकर पाहिलं, आणि तिळगूळ न घेता परत आल्या. "माझे गुडघे गेले म्हणून रांगोळी पण गेली का?" एवढंच म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे एक सीडी आहे. माझा मेहुणा रितेश पुण्याला जाण्याआधी डिझाइनचं काम करायचा. त्यानं मामींना शेजारी बसवून त्यांच्या सगळ्या रांगोळ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवल्या होत्या. मामी सांगायच्या, "इथून उचल, इथे टेकव, आता वळ," आणि तो माउसनं तसतसा जायचा. मामींचं आता एकच म्हणणं होतं. त्या रांगोळ्या अशा जपून ठेवा, की मी नसले तरी कुठल्याही पोरीला बघून काढता आल्या पाहिजेत. मी म्हणालो, "मामी, हे काम माझ्याकडे लागलं." यावर माझी बायको माधवी म्हणाली, "अहो, रितेशला विचारून करा." मला हे लागलं. मी रितेशला विचारलं नाही.

योग असा की त्याच सुमारास एका डिजिटल संग्रहालयानं शहरातल्या मंडळांकडून जुनी रेखाचित्रं मागवली होती. पोर्टलवर सगळी माहिती भरता भरता मी एका रकान्यापाशी अडलो. 'चित्राचे अत्यावश्यक गुणधर्म.' खाली बारीक अक्षरात खुलासा होता की पुढे-मागे फाइलींचे प्रकार बदलतील, सॉफ्टवेअर बदलेल, त्या उलथापालथीत चित्रातलं काय काहीही झालं तरी बदलता कामा नये, ते लिहा. बाकीच्याची हमी नाही. एवढी स्पष्ट अट मी विम्याच्या पॉलिसीतसुद्धा वाचलेली नाही.

माझी मुलगी ईशा हायटेक सिटीत नोकरी करते. मराठी बोलते उत्तम, वाचायला दिलं की तिला अचानक मीटिंग येते. तिला विचारलं, हे व्हेक्टर म्हणजे काय भानगड आहे?

"बाबा, सिंपल आहे. फोटो म्हणजे पिक्सेल. पिक्सेल म्हणजे बारीक बारीक ठिपके. झूम केलं की फाटतं. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात, फक्त लाइन कशी गेली ते सेव्ह असतं. म्हणून कितीही मोठं करा, क्लीन राहतं. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. इथेच सगळा घोटाळा झाला. मला खरोखरच समजलं असतं तर वेगळं, किंवा अजिबात समजलं नसतं तरी चाललं असतं.

मंडळाचे अध्यक्ष मुकुंदराव. सिकंदराबादला रेल्वेत होते, अजूनही सभा वेळेवर सुरू झाली की त्यांनाच आश्चर्य वाटतं. त्यांनी लगेच 'व्हेक्टर उपसमिती' नेमली. उपसमितीत आम्ही सहा जण, सगळे निवृत्त, सगळे बीपीवाले. विषय होता, रांगोळीचे अत्यावश्यक गुणधर्म कोणते? सुरुवातीलाच एका सभासदांनी हरकत घेतली की मंडळाच्या घटनेप्रमाणे इथे धर्मावर चर्चा करता येत नाही. त्यावर बराच खल होऊन 'गुणधर्म' खोडून नुसतं 'गुण' करण्यात आलं. मग मुकुंदराव म्हणाले, गुण म्हटल्यावर छत्तीस पाहिजेत, निदान अठरा तरी जुळले पाहिजेत. त्यांना वस्तुस्थिती समजावून देईपर्यंत उपमा आला.

रंग हा पहिला गुण एकमतानं मंजूर झाला. फक्त 'राणी रंग' म्हणजे गुलाबी की जांभळा, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते अजून बंद आहे. आकार हा दुसरा गुण, म्हणजे कागदाएवढा, ए-फोर. बाहेरची किनार हा तिसरा. मग मी लॅपटॉपमध्ये सीडी घालून, ईशानं शिकवलं होतं तसं, रितेशनं काढलेल्या एका रांगोळीची बघण्यापुरती झलक दाखवली आणि सगळ्यांचं लक्ष त्यातल्या काळ्या ठिपक्यांकडे वेधलं. "बघा," मी म्हणालो, "व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात. हे पिक्सेल आहेत. फाइल खराब व्हायला लागलीय." बाकीचे पाचही जण वाकून बघायला लागले. "अरे बाप रे, केवढे पसरलेत," मुकुंदराव म्हणाले. ठराव झाला की सदर रांगोळ्या ठिपकेमुक्त करून मगच संग्रहालयाकडे सोपवाव्यात. टाळ्या पडल्या. ज्यांना रांगोळी येते त्या सगळ्या बायका तेव्हा शेजारच्या खोलीत उपम्याच्या बशा विसळत होत्या.

आता काम राहिलं ठिपके काढण्याचं. त्या फाइलींत बदल करायला लागणारं जुनं सॉफ्टवेअर मिळालं सुलतान बाजारात, वाजिदभाईंच्या दुकानात. वाजिदभाई लग्नपत्रिका आणि बॅनर करतात. त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याचं झाकण उघडं असतं आणि वर टेबल फॅन सोडलेला असतो. सीडी त्यानं सुरळीत वाचली.

"वाजिदभाई, ये सब ठिपके, मतलब डॉट, निकालने के."

"हौ साब, दिख रा. मच्छरां बैठे सरीका है पूरा पेज. एकदम साफ मार देतूं."

मी स्टुलावर बसून चहा प्यायलो आणि माझ्या डोळ्यांदेखत ठिपके गेले. एका रांगोळीतले, मग दुसरीतले, मग सगळ्यांतले. राहिल्या स्वच्छ, सुबक, वळणदार रेषा. वाजिदभाईंनी त्याच फाइलींवर सेव्ह केलं, पेन ड्राइव्ह दिला, वर एका रांगोळीची मोठी प्रिंट काढून दिली. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. असं समाधान मला पुढे बरेच दिवस वाटणार नव्हतं.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी गारू भेटल्या, गारू म्हणजे तेलुगूतलं आपलं 'बाई'. त्यांच्या दारापुढे रोज सकाळी मुग्गू, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, असतो, तो ओलांडताना दूधवाला पण चप्पल काढतो. त्यांनी प्रिंट उलगडून पाहिली आणि विचारलं, "चुक्कलु एक्कड अंडी?"

मी हैदराबादेत जन्म काढलाय. 'एक्कड' म्हणजे कुठे, हे मला पक्कं येतं. चुक्कलु म्हणजे चुका, हे उघडच होतं. चुका कुठे आहेत? बाईंनी काय सुंदर दाद दिली! मी म्हणालो, "एकही नाही! सब निकाल दिया! एक-एक करके!"

भाग्यलक्ष्मी गारूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची मांजर विकून आलोय. "सब निकाल दिया?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी अभिमानानं मान डोलावली. त्या प्रिंट परत देऊन वर गेल्या. मी म्हटलं, बाईंना कौतुक पचत नाहीये.

पोर्टलवर फाइली चढल्या, गुण भरले, पोच आली. सीडीचं काम संपलं. मी तिला दोरा ओवून बाल्कनीत कबुतरं पळवायला टांगली, वस्तू वाया जाऊ द्यायची नाही म्हणून. मग पंधरा-वीस दिवसांनी, संग्रहालयाकडून सगळं पक्कं झाल्यावर, प्रिंट घेऊन मामींच्या पुढे ठेवली.

मामींनी चष्मा लावला. प्रिंट लांब धरली, जवळ धरली. "छान आहे," म्हणाल्या. "टेबलक्लॉथ आहे का?"

"मामी, तुमची रांगोळी आहे ही! सतरा ठिपक्यांची!"

"मग ठिपके?"

मी पिक्सेल समजावला. ठराव समजावला. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात हे तर दोनदा समजावलं. मामी शांतपणे ऐकत होत्या, आणि त्यांचं बोट कागदावर फिरत होतं. मधोमध टेकायचं, उचलायचं, दुसरीकडे टेकायचं, पुन्हा उचलायचं. त्यांना बोट ठेवायला जागा सापडत नव्हती.

"जावईबापू," शेवटी म्हणाल्या, "ही बघायची झाली. काढायची नाही राहिली. पोरीनं पहिलं बोट ठेवायचं कुठं?" आणि कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री जेवल्या नाहीत, भूक नाही म्हणाल्या.

माधवी मात्र माझ्यावर व्यवस्थित चिडली. "रांगोळीतले ठिपके काढले? पुरणपोळीतलं पुरण काढून साफ केली म्हणून सांगाल उद्या! त्या समितीत एक तरी बाई होती का?"

"होत्या की. उपमा कुणी केला?"

हे वाक्य बोलायला नको होतं. नंतर तिनंच सांगितलं की तेलुगूत चुक्क म्हणजे ठिपका. भाग्यलक्ष्मी गारूंनी तिला फोन करून विचारलं होतं, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

मी बाल्कनीत धावलो. सीडी होती, पण उन्हातान्हात फिरून फिरून ग्रिलला घासली होती, आणि कबुतरांना तिची अजिबात भीती वाटत नसल्याचे पुरावे तिच्यावर होते. लॅपटॉपनं तिला घरघर करून बाहेर ढकललं. रितेशला फोन केला. "भावजी, माझ्याकडे कॉपी कुठली? तीच एक होती. आधी विचारलं असतं तर..." मी फोन ठेवला. हे वाक्य पूर्ण ऐकायची माझी तयारी नव्हती. संग्रहालयाला फोन केला. तिथल्या साहेबांनी सांगितलं की तुम्ही लिहिलेले तीन गुण शाबूत ठेवून आम्ही सगळ्याचं फोटोसारखं साधं चित्र करून ठेवलंय, मूळ फाइली ठेवत नाही. रंग, आकार, किनार, सगळं जसंच्या तसं. "आणि व्हेक्टरची रेषा?" मी विचारलं. "रेषा तुम्ही लिहिली नव्हती," ते म्हणाले. आणि पेन ड्राइव्ह? तो मी मुकुंदरावांना दिला होता, आणि मुकुंदरावांनी त्यावर नातवाच्या बारशाचे व्हिडिओ घातले होते. जागा कमी पडली म्हणून आधीचं पुसलं.

म्हणजे निदान रेषा तरी सापडतील असं जगात आता एकच ठिकाण उरलं. आम्ही तिघं, मी, माधवी आणि ईशा, रिक्षानं सुलतान बाजारात गेलो.

"वाजिदभाई, वो रांगोळी के फाइलां हैं ना?"

"अरे साब! परसों उडा दिया मैं."

माधवीनं काउंटर धरला. "परसों?" तिनं विचारलं. "परसों मतलब कौनसे परसों?"

हैदराबादेत परसों म्हणजे काल-परवापासून निजामाच्या काळापर्यंत कधीही असू शकतं, हे मी घाबरून विसरलो होतो. ती इथलीच, ती विसरली नाही. वाजिदभाईंनी विचार केला. "वो कोई शादी का कार्ड था, रांगोळीवाला. परसोंइच, लॉकडाऊन के पहले. आपका तो पडा है माँ, मैं कायकू उडातूं?" त्यांनी फॅन बाजूला सरकवून फाइल उघडून दाखवली. ठिपक्यांशिवायची, पण होती. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी ती मारू दिली.

घरी आल्यावर ईशानं ती ठिपके नसलेली फाइल एका नव्या सॉफ्टवेअरमध्ये कशीबशी उघडली. मामी शेजारी खुर्चीत बसल्या होत्या, माधवीनं बळेच आणून बसवलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ईशानं उगाच, काय करता येतंय बघावं म्हणून, एका रेषेवर क्लिक केलं.

आणि रेषेवर ठिकठिकाणी बारीक चौकोन उगवले.

"हे काय?" मी दचकलो. मला आता कुठलाही ठिपका दिसला की धडकी भरत होती.

"नोड्स, बाबा. मामानं जिथे जिथे क्लिक केलं ना, ते पॉइंट्स. लाइन इथून निघाली, इथे थांबली, इथे वळली. व्हेक्टर आहे ना, सगळं लक्षात ठेवतं."

मामी खिडकीकडून वळल्या. पडद्याजवळ इतक्या वाकल्या की माधवीनं त्यांचा दंड धरला. "सगळ्या रेषा दाब," म्हणाल्या. ईशानं सगळ्या निवडल्या. पडद्यावर चौकोनच चौकोन झाले, ओळीत, सरळ, आडवे आणि उभे. मामींचं बोट पुढे आलं आणि मोजायला लागलं. एका ओळीत सतरा. खाली सतरा.

"अगं, हे तर ठिपके आहेत," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची इथे टेकव, तो तिथेच टेकवायचा. तिथेच टेकवलंय पोरानं." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी चष्मा पुसायला आत गेलो, चष्मा मी घातलेलाच नव्हता.

ईशानं प्रत्येक नोडवर ठिपका बसवायचं काम सुरू केलं. काही ठिपक्यांवरून रेषाच गेलेली नव्हती, ते राहिले होते. ते मामींनी आठवून सांगितले, आणि चुकीच्या जागी ठेवला की "तुझ्या बापावर गेलीस" असंही सांगितलं. मी ते कामाच्या ओघातलं म्हणून सोडून दिलं.

संग्रहालयाकडे नव्या फाइली द्यायला हरकत नव्हती. फक्त गुण बदलायचे तर मंडळाचा नवा ठराव लागणार होता. मुकुंदरावांनी संक्रांतीच्या सकाळीच हॉलमध्ये तातडीची सभा बोलावली. बायका हळदीकुंकवाच्या तयारीला आधीच आलेल्या होत्या. फरशी धुतलेली, रांगोळीचे डबे मांडलेले, ईशानं काढलेल्या ठिपक्यांसकटच्या प्रिंट भिंतीला लावलेल्या. हॉलमध्ये हाताची खुर्ची एकच, अध्यक्षांची. मामी आल्या आणि तिच्यात बसल्या. मुकुंदराव जरा घुटमळले आणि सतरंजीवर बसले. त्यामुळे सभा आपोआपच मामींच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली.

मी लॅपटॉप उघडून विचारलं, "मामी, अत्यावश्यक गुण सांगा. पहिला, रंग कोणता लिहू?"

"ज्याच्या घरात जो असेल तो. लिहू नका."

राणी रंगावरून न बोलणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आकार?"

"ज्याचं जेवढं अंगण. अंगण नसलं तर उंबऱ्यापुढची फरशी. लिहू नका."

"किनार?"

"हौसेची आहे. असली असली, नसली नसली."

"मग रेषा तरी?"

"ठिपके असले की रेषा येते, जावईबापू. ठिपके लिहा. ते इकडचे तिकडे होता कामा नयेत. बाकी सगळं बदलू द्या."

मी लिहिलं. एकच गुण. भाग्यलक्ष्मी गारू दाराशी उभ्या होत्या, त्यांनी जोरजोरात मान डोलावली. आता शेवटचा रकाना होता, 'वापराचा अधिकार कोणास.' मुकुंदराव सतरंजीवरून म्हणाले, "मंडळाच्या वर्गणीदार सभासदांस, असं लिहा."

मामींनी जरा वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "ज्याला खाली बसता येतं त्याला," त्या म्हणाल्या.

मी ते लिहिलं, जसं बोलल्या तसंच. सबमिट केलं आणि लॅपटॉप मिटला.

"झालं ना?" मामींनी विचारलं. "मग बसा."

"कोण, मी?"

"तुम्हाला येतं ना खाली बसता?"

बायका बाजूला सरकल्या. माधवीनं न हसता रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला. सगळ्या उपसमितीसमोर, भाग्यलक्ष्मी गारूंसमोर, मी पँट वर ओढून फरशीवर उकिडवा बसलो. मामींनी खुर्चीतून हात लांबवून मधोमध जागा दाखवली, आणि मी चिमटीनं पहिला ठिपका ठेवला. मग शेजारी दुसरा. तिसरा ठिपका बराच वाकडा पडला, ते मलाही दिसलं. मामी एका तांदळाएवढी चूक कुणाला माफ करत नाहीत. मी पुसायला बोट पुढे केलं.

"राहू द्या," मामी म्हणाल्या. "पुसायचं आता पुष्कळ झालं. पुढचा ठेवा."